राणीचं माहेर लंडन की नाशिक?

सांगू की नको, असं झालंय मला. पण पोटात ठेवलं तर अपचन होईल, म्हणून सांगते. तुमच्यातच ठेवा.

परवा संध्याकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये, लेडीज डब्यात, आमच्या तळमजल्यावरच्या वहिनी मटार सोलत होत्या. कुर्ला गेलं आणि एकदम म्हणाल्या, "आमचे हे काल रात्री दोन वाजेपर्यंत एका बाईची पाठ बघत बसले होते." डबा गप्प. पिना विकणारी मुलगीसुद्धा पिशवी धरून तिथेच थांबली. चौथ्या सीटवरच्या काकूंनी कानातली वायर काढली. शेवटी कुणीतरी धीर करून विचारलं, "कुणाची हो?"

"व्हिक्टोरिया राणीची."

आणि मग एकेकीला कंठ फुटला. ठाण्याला उतरणारी एक म्हणाली, आमच्या नौपाड्यात सासऱ्यांचं हेच चाललंय. कल्याणची एक म्हणाली, माझा भाऊ सीएसएमटीहून घरी यायच्याऐवजी शेजारच्या जीपीओत जातो. म्हणजे बघा, साथ आहे ही. इंग्रजांच्या काळातली टपाल तिकिटं जमवायची साथ. नुसती जमवून वहीत चिकटवली असती तर कुणाची काही हरकत नव्हती, लहानपणी सगळ्यांनीच केलंय ते. हे लोक तिकिटं ओळखतात. दोन अगदी एकसारखी तिकिटं शेजारी ठेवतात, भिंग लावतात, आणि त्यातली एक वीस रुपयांची आणि दुसरी वीस हजारांची असं शांतपणे सांगतात. तुम्हाला आम्हाला फरक दिसत नाही तो आपला दोष.

मी मुद्दाम एका रविवारी वहिनींकडे साखर मागायला गेले. (साखर होती घरात.) काका, म्हणजे वहिनींचे हे, आणि त्यांचे दोन मित्र, त्यातले एक निवृत्त हेडमास्तर, जेवणाच्या टेबलावर ओणवे झालेले. पाच मिनिटं ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं, अहो, हा तर मुलगी बघण्याचा कार्यक्रम आहे! आपल्या आजी-पणजीच्या वेळी व्हायचा तसा. चालून दाखव, दात दाखव, रंग कसा आहे, माहेर कुठलं. काहीही सोडत नाहीत.

दातांपासून सुरुवात. तिकिटाच्या कडेचे दाते मोजायला पट्टी असते. दोन सेंटिमीटरमध्ये किती भोकं, ते बघायचं. लंडनच्या द ला रू कंपनीने छापलेल्या व्हिक्टोरियाबाईंचे चौदा भरले पाहिजेत. नाही भरले तर कुणीतरी नंतर कवळी बसवलीय. त्याआधीच्या, 1854 च्या कलकत्त्यात छापलेल्या तिकिटांना तर दातच नाहीत, साफ बोळकं. ती पोस्टात कात्रीने कापून द्यायचे. कारकून घाईत असला की राणीच्या कानाजवळूनच कात्री. आता चारही बाजूंना समास शाबूत असलेलं त्यातलं एखादं निघालं तर काका त्याच्याकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने त्यांनी वहिनींकडे कधी बघितलेलं नाही. असं वहिनी म्हणतात, मी नाही.

मग रंग. निळा म्हणजे निळा नव्हे. फिका निळा, गडद निळा, जांभळट निळा, आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. ट्यूबलाइटखाली बघायचं नाही, खिडकीशी उजेडात न्यायचं. दोघांचं एकमत होत नाही आणि चहा गार होतो.

मग माहेर. इथे मात्र मी साखरेची वाटी खाली ठेवली. पाचव्या जॉर्जचं एकच चित्र, एकच किंमत, एकच रंग, पण काही तिकिटं छापली लंडनला आणि 1926 पासून छापली आपल्या नाशकात, सिक्युरिटी प्रेसमध्ये. समोरून ओळखू येत नाही. पाठ बघावी लागते. कागदात पाण्याची खूण असते, वॉटरमार्क. लंडनच्या कागदात एका तिकिटाला एक तारा, नाशिकच्या कागदात ताऱ्यांची गर्दी. त्याहून जुन्या, 1865 नंतरच्या तिकिटांत हत्तीचं डोकं असतं. ते दिसलं की काका हळूच "पावला" म्हणतात. पण तारे सहज दिसत नाहीत. त्यासाठी राजाला काळ्या बशीत उपडा घालून त्याच्या पाठीवर लायटरचं पेट्रोल शिंपडायचं. स्वयंपाकघरापासून सहा फुटांवर! वहिनी गॅस बंद करून गॅलरीत जाऊन उभ्या राहतात.

आडनावाचीही भानगड आहेच. कंपनीचं राज्य 1858 साली संपलं, तरी तिकिटावर 'ईस्ट इंडिया' हेच नाव 1882 पर्यंत. सासर सुटून चोवीस वर्षं झाली आणि बाई जुनंच आडनाव लावतात. आमच्या सोसायटीत एवढं खपलं नसतं, मीटिंग बोलावली असती.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. आपल्याकडे मुलगी बघताना खोट निघाली की पोहे अर्धे टाकून पाहुणे उठायचे. यांचं नेमकं उलट. खोट निघाली की हे लोक खुर्ची पुढे ओढतात. चांगली, सरळ, निर्दोष तिकिटं अल्बमच्या मागच्या पानात पडलेली आणि जिच्यात काहीतरी बिघडलंय ती पुढे, वेगळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात. ज्या डोंबिवलीत पोराच्या निबंधात एक वेलांटी चुकली की शिकवणी बदलतात, त्याच डोंबिवलीत निवृत्त हेडमास्तर स्पेलिंगच्या चुकीसाठी पेन्शन मोडतायत!

उदाहरणं ऐका. ब्रिटिश काळात सहा संस्थानं अशी होती, चंबा, फरीदकोट, ग्वाल्हेर, जिंद, नाभा, पटियाला. तिथे इंग्रजांचीच तिकिटं चालायची, फक्त वर संस्थानाचं नाव छापून. त्यात चंबाचं नाव छापताना कुणीतरी ए आणि एम या अक्षरांची अदलाबदल केली. ग्वाल्हेरच्या इंग्रजी नावात एका ठिकाणी ओऐवजी सी पडला. पटियालाचं तर पहिलं अक्षरच बदललं. आपल्या शिंद्यांच्या ग्वाल्हेरचं नाव 1885 पासून देवनागरीतही छापायचे, त्यातही आखूड ग्वालियर आणि लांब ग्वालियर अशा दोन जाती. फरक किती? दोनेक मिलिमीटर! काकांच्या कंपासपेटीतली पट्टी नातवाला मिळत नाही ती याच्यामुळे. 1921 साली एका आण्याच्या तिकिटावर 'नाइन पाइज' असं नवं मोल छापलं, तेव्हा काहींवर 'नाइन नाइन' उमटलं आणि काहींवर 'पाइज पाइज'. छापणारा दुपारचं जेवून आला असणार, दुसरं काय. आणि दीड आण्याच्या तिकिटावर आधी अक्षरी 'दीड आणा' एकवचनात, मग पुढे अनेकवचनात. दीड हे एकवचन की अनेकवचन, यावर काका आणि हेडमास्तर यांच्यात जे झालं ते छापण्यासारखं नाही.

सगळ्या खोटींची महाराणी मात्र चार आण्यांची, 1854 ची. लाल चौकट आणि निळं डोकं, म्हणजे कागद दगडावरून दोनदा काढायचा. एकदा कुणीतरी तो उलटा घातला आणि साक्षात राणी सरकार चौकटीत शीर्षासन करत बाहेर आल्या. पोस्टाने विकल्या, लोकांनी चिकटवल्या, शिक्के बसले, आणि कित्येक वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नाही. आज जगात मोजकीच उरली आहेत. काकांनी ते तिकीट फक्त कॅटलॉगमध्ये पाहिलंय. ते पान वाचून वाचून मऊ पडलंय, आपल्याकडे पोथीचं पडतं तसं.

आता तुम्ही म्हणाल, याचा आणि ठाण्या-कल्याणचा काय संबंध? मीही तेच म्हटलं, आणि पस्तावले. मला बसवूनच घेतलं. आशियातली पहिली चिकटवायची तिकिटं 1 जुलै 1852 ची, सिंध डाक, अर्धा आणा. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात. काढली बार्टल फ्रिअर यांनी, ज्यांचं नाव आपल्या फ्लोरा फाउंटनला द्यायचं घाटत होतं तेच. आधी लाल लाखेवर उठवली, ती तडकायची. मग पांढऱ्या कागदावर काढली, ती मंद दिव्यात दिसायची नाहीत. मग निळी. त्यानंतर ठाण्याला आगगाडी आली, 16 एप्रिल 1853. कल्याणला 1 मे 1854. आणि सबंध हिंदुस्थानासाठी तिकीट निघालं 1 ऑक्टोबर 1854 ला. "म्हणजे कल्याणकर तिकिटाआधी पाच महिने गाडीत बसत होता," काका छातीवर हात ठेवून म्हणाले, जणू स्वतः खिडकीची जागा धरून होते.

हेडमास्तर कल्याणचे, पारनाक्याचे. ते एका वाक्यात काकांच्या वर गेले. म्हणे, तिकीट कसलं जमवता, शिक्का जमवा. जुन्या इंग्रजी कागदांत ठाण्याचं टन्ना व्हायचं आणि कल्याणचं कॅलियन. आपल्या गावाचं असं वाकडं नाव ज्या पाकिटावर उमटलंय ते अख्खं पाकीट पाहिजे. एडन तेव्हा मुंबईच्या ताब्यात, तिथेही आपलीच तिकिटं, फक्त शिक्क्यात 124 हा आकडा. एकशे चोवीस दिसला की साधं तिकीट समुद्रापार जाऊन आलेलं ठरतं. मुंबईच्या जाल कूपरांनी तर सुरुवातीच्या भारतीय शिक्क्यांवर सबंध पुस्तक लिहिलं आहे. म्हणजे मूर्ती राहिली बाजूला, तिच्यावर कुणी काय फासलं याची पूजा.

इथे वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि माझ्यापुढे एक भांडं ठेवलं. "हे बघ. यात मी मटकी भिजवते." भांड्यात पाणी, पाण्यात सहावा जॉर्ज, चौदा-पंधरा नग, डिंक सुटायला घातलेले. सोफ्यावर वर्तमानपत्राच्या घड्यांत पापडासारखे आणखी काही वाळत. पावसाळ्यात तर विचारू नका. खाडीची हवा, भिंतीला ओल, कोऱ्या तिकिटांचा डिंक आपोआप पानाला चिकटतो आणि कागदावर तपकिरी ठिपके पडतात. जूनपासून अल्बम कपाटात उभे, सैल, मध्ये सिलिकाच्या पुड्या. "माझ्या शालूला एक डांबरगोळी नाही," वहिनी म्हणाल्या.

हे सगळं मी घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं, आणि ह्यांचा चेहरा उतरला. मग कळलं. हे दहा वर्षांचे असताना कल्याणच्या वाड्यात माळ्यावर ट्रंक सापडली होती, आजेसासऱ्यांच्या पत्रांची. शाळेत तेव्हा तिकिटांचं वेड होतं. ह्यांनी कात्री घेतली आणि एका दुपारीत सगळ्या पाकिटांचे उजवे कोपरे कापले, अगदी दात्यांना धरून, नीटनेटके. शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर. ती तिकिटं पुढे गोट्यांच्या बदल्यात गेली. पाकिटात पत्र होतंच, त्यामुळे पत्रांनाही चौकोनी खिडक्या. "ठाकुर्लीच्या स्थळाकडून निरोप आला आहे की मुलगी" आणि खिडकी. आमच्या घराण्यात त्या वर्षी कुणाचं काय जमलं आणि का मोडलं ते कायमचं गेलं. मी हे काकांना सांगितलं नाही. माणसाला रक्तदाब आहे.

ट्रंक अजून आहे. दिवाळीच्या सफाईला मी ती काढली, सहज, धूळ होती म्हणून. तळाला पसरलेल्या कागदाखाली एक पाकीट चिकटून राहिलेलं, कात्रीतून सुटलेलं. 1943 चं. वर सहाव्या जॉर्जचं दीड आण्याचं, मळकट जांभळं. किंमत काही नसणार, भरपूर छापलीत ती, एवढं मलाही कळतं. पण हेच दीड आण्याचं नाशकात दोन तऱ्हांनी छापलंय. एक लिथोचं, सपाट, नाजूक. दुसरं टायपोचं, ठसा दाबून काढलेलं, त्याचा दाब कागदाच्या मागे जाणवतो म्हणतात.

तिकिटाची पाठ तर पाकिटाला चिकटलेली. भिजवलं तर शिक्का जाणार, आणि शिक्क्यात कल्याणची तीन अक्षरं स्वच्छ वाचता येतात. मी गॅलरीचं दार लावून घेतलं, पाकीट तिरपं करून उन्हाला धरलं, खालून बोटाने चाचपून बघितलं, मग पोराच्या प्रयोगपेटीतलं भिंग आणलं. तेवढ्यात बेल वाजली. वहिनी होत्या, रिकामी वाटी घेऊन. साखर मागायला.

पाकीट तूरडाळीच्या डब्यामागे सरकवलं आणि दार उघडलं. टायपोच असावं. तुम्ही काही बोलू नका.