शब्द एक, शिंगे दोन

‘हॉर्नस्वॉगल’ हे मूळचे अमेरिकी इंग्रजीतले, आज क्वचितच ऐकू येणारे क्रियापद. अर्थ: गंडवणे, टोपी घालणे, शेंडी लावणे. छापील नोंद १८२९ पासून सापडते. मूळ अज्ञात. इथे कोशकार थांबतो आणि हौशी व्युत्पत्तिकार बाह्या सरसावतो.

त्याच्या मते, गळ्यात फास पडलेला बैल मान हिसडून शिंगे सोडवून घेई आणि त्या हिसडण्याला गुराखी ‘हॉर्नस्वॉगल’ म्हणत. ‘हॉर्न’ म्हणजे शिंग, हे शाळेतच कळलेले असते. शिंग आले की मागोमाग बैल येतो, बैलामागे गुराखी, गुराख्यामागे घोडा, रुंद काठाची टोपी आणि मावळता सूर्य. उरलेल्या ‘स्वॉगल’चे काय, असे विचारणारा अरसिक ठरतो. ‘स्वॉगल’ म्हणजे शिंगे जे करतात ते; आणि शिंगे काय करतात, तर स्वॉगल. टेक्सासचे कळप कॅन्ससच्या रेल्वेकडे हाकण्याचा तो चित्रपटांतला जमाना यादवी युद्धानंतरचा, म्हणजे १८६५ नंतरचा; शब्द त्याआधी छत्तीस वर्षे छापून मोकळा. पण बैल जागचा हलत नाही. शिवाय गोष्टीत फसवणारा बैल आणि फसणारा माणूस, तर क्रियापद मात्र माणसाने माणसाला घातलेल्या गंड्याचे. आजवर एकाही बैलाने बनावट समभाग विकलेले नाहीत. आणि तरीही ‘मूळ अज्ञात’ एवढे दोन शब्द लिहिण्यासाठी जो कोशकार जुन्या वर्तमानपत्रांच्या धुळीत डोळे फोडून घेतो, त्याला कोणी विचारत नाही. चहाच्या एका कपात रचलेल्या बैलाला रविवारच्या पुरवणीत रंगीत चौकट मिळते! वर ‘तुम्हाला माहीत आहे का?’ हे शीर्षक. नाही, माहीत नाही. चौकट लिहिणाऱ्यालाही नाही.

व्यभिचारी बायकोच्या नवऱ्याला शिंगे फुटतात, या जुन्या युरोपीय समजुतीशीही शब्द जोडला जातो. पुरावा तितकाच.

अधिक पटणारी गोष्ट कमी रंगीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत भारदस्त वाटणारे विनोदी शब्द रचण्याची टूम होती. ‘ॲब्स्क्वाट्युलेट’ म्हणजे पोबारा करणे. ‘डिस्कॉम्बॉब्युलेट’ म्हणजे भंबेरी उडवणे. ‘हॉर्नस्वॉगल’ त्याच पंगतीतला असावा.

त्याचा वडीलभाऊ ‘बॅम्बूझल’ १७०३ पासून छापील इंग्रजीत आहे. त्याचेही मूळ अनिश्चित. माणसाचे माकड करणे अशा अर्थाच्या एका फ्रेंच क्रियापदाकडे काही जण बोट दाखवतात, त्यामुळे तिथे बैलाऐवजी माकडाची वर्णी लागली आहे.