ओळख ना पाळख, इन्स्टॉल!

टर्मिनल उघडायचं, एनपीएम इन्स्टॉल लिहायचं, पुढे पॅकेजचं नाव आणि एंटर. दोन-तीन सेकंदांत काम फत्ते. माउस बदलून हवा असेल तर ज्या कंपनीत मॅनेजरची मंजुरी लागते, त्याच कंपनीत परक्या माणसाचा कोड आपल्या प्रॉडक्टमध्ये घ्यायला कोणाचीच मंजुरी लागत नाही. कोणी विचारतसुद्धा नाही.

हे थांबायला हवं. डिपेंडन्सी जोडणं हा निर्णय आहे. तो विचार करून घ्यावा आणि त्याखाली कोणाचं तरी नाव असावं, एवढंच माझं म्हणणं आहे. पण ते मी ठासून म्हणणार आहे.

साधं उदाहरण घ्या. नोडवर वेब सर्व्हर लिहायचा म्हणून तुम्ही एक्स्प्रेस मागवता. मागितलं एक, टर्मिनल सांगतं की साठेक पॅकेजेस आली. त्याखाली दुसरी ओळ येते, यातल्या अमुक इतक्या पॅकेजेसना पैशांची मदत हवी आहे. आणि तिसरी ओळ, व्हल्नरेबिलिटीज शून्य. सगळे ती तिसरी ओळ वाचतात आणि निर्धास्त होतात. त्या शून्याचा अर्थ एवढाच की आजवर नोंदलेला दोष यात सापडला नाही. आज सकाळी कोणी काही घुसवलं असेल तर ते त्या यादीत असणारच नाही. खरं वाचण्यासारखं पहिल्या ओळीत आहे. साठ पॅकेजेस म्हणजे त्यांच्यामागे कितीतरी माणसं, त्यांची खाती, त्यांचे पासवर्ड. यातलं एक खातं फुटलं तरी पुरतं.

शिवाय पॅकेज नुसतं उतरून पडून राहत नाही. त्यात पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्ट असेल तर ती उतरल्या उतरल्या तुमच्याच मशीनवर, तुमच्याच अधिकारांनी चालते, ही एनपीएमची वर्षानुवर्षांची रीत. तुमच्या एसएसएचच्या किल्ल्या, क्लाउडची टोकनं, एन्व्ह फाईलमधले डेटाबेसचे पासवर्ड, जे तुम्हाला वाचता येतं ते सगळं तिलाही वाचता येतं. पीएनपीएमनं दहाव्या आवृत्तीपासून या स्क्रिप्ट आपणहून चालवणं बंद केलं, ते योग्यच केलं. पुण्यात वन बीएचके भाड्यानं द्यायचा तर आपण भाडेकरूचं आधार कार्ड मागतो, करार नोंदवतो, पोलीस व्हेरिफिकेशन करून घेतो. प्रॉडक्शन सर्व्हरच्या बाबतीत एवढीही चौकशी नको?

22 मार्च 2016 आठवतो? अझर कोचुलू नावाच्या प्रोग्रामरचं ‘किक’ नावाचं एक पॅकेज होतं. त्याच नावाच्या मेसेंजर कंपनीनं नावावर हक्क सांगितला, एनपीएमनं कंपनीची बाजू घेतली आणि कोचुलूनं आपली सगळीच्या सगळी, अडीचशेच्या वर पॅकेजेस काढून घेतली. त्यांत लेफ्ट-पॅड होतं. अकरा ओळी. काम काय, तर ठरलेली लांबी भरेपर्यंत मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा किंवा शून्यं भरणं. 7 चं 007. या अकरा ओळी गेल्या आणि बेबल, रिअॅक्ट वापरणाऱ्यांचे बिल्ड जगभर धडाधड पडू लागले. त्यातल्या बहुतेकांनी लेफ्ट-पॅड स्वतः कधी मागवलंच नव्हतं. ते कोणाच्या तरी मागच्याच्या मागच्यानं आणलेलं होतं. एनपीएमला ते पुन्हा चढवावं लागलं आणि पॅकेज काढून घेण्याचे नियम पुढे कडक झाले.

माझा राग कोचुलूवर नाही. कोड त्याचा, त्यानं नेला. राग आहे तो अकरा ओळींसाठी परक्याच्या दारात उभं राहण्याच्या सवयीवर. ती सवय अजून गेलेली नाही. एखादी संख्या सम आहे का हे सांगणारं इज-ईव्हन नावाचं पॅकेज आहे. ते इज-ऑडवर अवलंबून आहे आणि इज-ऑड इज-नंबरवर. दोननं भागून बाकी बघायला तीन पॅकेजेस! प्राथमिक शाळेतलं गणित आहे हे. स्वतः करा.

आता त्याहून गंभीर गोष्ट. 29 मार्च 2024 ला अँड्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्या इंजिनिअरनं जाहीर केलं की लिनक्सवरच्या एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत चोरदरवाजा आहे. त्याला तो कसा सापडला? एसएसएचनं लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागत होता. हा माणूस पोस्टग्रेसवर काम करणारा. मिलिसेकंद मोजायची सवय, म्हणून खटकलं आणि तो खोदत गेला. 5.6.0 आणि 5.6.1 या दोन आवृत्त्यांत विष होतं.

यातली साखळी नीट बघा, कारण सगळा मुद्दा तिथंच आहे. ओपन-एसएसएचला एक्सझेडची गरजच नाही. पण डेबियनसारख्या काही वितरणांनी एसएसएचचा सर्व्हर सिस्टमडीला आपली खबर देऊ शकावा म्हणून त्याला सिस्टमडीची लायब्ररी जोडली, आणि ती लायब्ररी एक्सझेडवर अवलंबून होती. जगातल्या सर्व्हरांच्या मुख्य कुलपापर्यंत पोचायला हल्लेखोरानं कुलपाला हात लावला नाही. त्यानं दोन घरं पलीकडचं पॅकेज निवडलं. ते पॅकेज वर्षानुवर्षं लासे कॉलिन नावाचा एकच माणूस फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होता. ‘जिया तान’ हे नाव घेऊन कोणीतरी दोनेक वर्षं त्याला चांगले पॅच पाठवत राहिलं, विश्वास कमावला, दुसरीकडून अनोळखी नावांनी ‘कामं लवकर होत नाहीत, आणखी मेंटेनर नेमा’ असा तगादा लावला आणि शेवटी किल्ल्या हातात आल्या. एकट्या दमलेल्या माणसावर सगळ्यांनी भार टाकला होता. हल्लेखोरानं ते हेरलं. जे वापरत होते त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मागच्याच वर्षीचं घ्या. सप्टेंबर 2025 मध्ये एका मेंटेनरला एनपीएमच्या नावानं खोटी ईमेल आली, ‘दुहेरी पडताळणी अपडेट करा, नाहीतर खातं बंद होईल.’ त्यानं लिंकवर माहिती भरली आणि चॉक, डीबगसह अठरा पॅकेजेसच्या नव्या आवृत्त्यांत क्रिप्टोचे पैसे परस्पर वळवणारा कोड शिरला. आठवड्याला या पॅकेजेसची डाउनलोड दोन अब्जांच्या वर होती. काही तासांतच प्रकार उघड झाला, आवृत्त्या काढल्या गेल्या. ज्यांची लॉकफाईल रिपॉझिटरीत होती आणि सर्व्हरवर एनपीएम सीआय चालत होतं, त्यांच्याकडे जुनीच आवृत्ती राहिली, ते सुटले. ज्यांनी आकड्याआधी कॅरेट ठेवून ‘जे ताजं असेल ते दे’ म्हटलं होतं आणि लॉकफाईल ठेवली नव्हती, त्यांनी त्या तासांत बिल्ड केला असेल तर ते सापडले. म्हणून माझ्या मते नवी आवृत्ती आली त्याच दिवशी उचलायची नाही. आठवडाभर थांबलं तर बिघडत नाही. तातडीची सुरक्षा दुरुस्ती असेल तर गोष्ट वेगळी.

भर म्हणून आता कोड लिहून देणारे एआय सहायक आले. ते अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजची नावं बेधडक सुचवतात, आणि तसं नाव रजिस्ट्रीत कोणीही नोंदवू शकतं. नावातला घोळ नवा नाही. 2017 मध्ये क्रॉस-एन्व्हऐवजी मधली रेघ गाळून क्रॉसएन्व्ह लिहिणाऱ्यांच्या मशीनवरून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स चोरीला गेलेच होते. तेव्हा बोट घसरावं लागायचं. आता सहायक सांगतो आणि आपण डोळे झाकून चिकटवतो.

सर्वच स्वतः लिहा असं मी म्हणत नाही. एन्क्रिप्शन स्वतः लिहू नका, कधीच. जगभरच्या टाइमझोनचा हिशेब स्वतः करू नका. तिथं जुनं, अनेकांनी तपासलेलं पॅकेजच घ्यावं. पण घेताना चार प्रश्न विचारावेत. सांभाळणारी माणसं किती आहेत? शेवटचं रिलीज कधीचं? सोबत आणखी काय ओढून आणतंय? आणि वीस ओळींत आपल्याला जमणार नाही का? याची उत्तरं पीआरमध्ये लिहा. नव्या डिपेंडन्सीचा पीआर वेगळा काढा. फीचरच्या पोटात लपवला की रिव्ह्यू करणारा लॉकफाईलमधल्या हजार ओळी न बघताच स्क्रोल करून पुढे जातो. आणि तेच तर बघायचं असतं.

सेबीनं ऑगस्ट 2024 च्या सायबर सुरक्षा चौकटीत सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, मागितली. सर्ट-इननं ऑक्टोबर 2024 मध्ये ती कशी करावी याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. उत्तम झालं. पण ऑडिटच्या आदल्या रात्री टूल चालवून काढलेली यादी फक्त ऑडिटरच्या कामाची. ती दर बिल्डला निघाली पाहिजे आणि टीममधल्या कोणीतरी कालच्याशी ताडून बघितली पाहिजे.

राहिला पैसा. फुकट मिळतं म्हणून घेतो, त्यावर धंदा करतो, आणि सांभाळणारा दमला की त्याच्याकडे तक्रार करतो. झिरोधानं ऑक्टोबर 2024 मध्ये ओपन सोर्ससाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा फ्लॉस फंड सुरू केला, हे इथल्या कंपन्यांनाही जमतं याचा पुरावा आहे. एवढा आकडा सगळ्यांना झेपणार नाही, मान्य. पण एनपीएम फंड ही कमांड तर प्रत्येकाच्या टर्मिनलवर आहे. तुमच्या प्रोजेक्टमधल्या कोणत्या पॅकेजेसना पैशांची मदत हवी आहे आणि ती कुठं पाठवायची, हे ती सांगते. या सोमवारी ती चालवा, यादी छापा आणि पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये लायसन्सच्या खर्चाशेजारी तिच्यासाठी एक ओळ मागून घ्या.