आइंडहोवनच्या बिऱ्हाडातले ऑनलाइन भाषाविज्ञान

ती. आई-बाबांस,

ऑनलाइन भाषाविज्ञान घरी बसून शिकता येते, पण एकट्याने नाही. व्याख्याने लॅपटॉपवर येतात, नमुने मात्र घरातल्या माणसांतूनच घ्यावे लागतात. लायडन विद्यापीठात त्या वेळी शिकवणाऱ्या मार्क फान ओस्टेनडॉर्प यांच्यासारख्या प्राध्यापकांनी असे प्राथमिक अभ्यासक्रम सर्वांना खुले केले आहेत, त्यामुळे विद्यार्थी कोणीही निघू शकतो. आइंडहोवनच्या बिऱ्हाडात ती तुमची सूनबाई निघाली.

आरंभ ध्वनींपासून होतो. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून 'ताट' आणि 'थाट' म्हणायचे. पट्टी थरथरली की तो महाप्राण. मराठी विद्यार्थ्याला हा धडा म्हणजे बालवाडी. इंग्रज मात्र 'पिन' म्हणताना श्वास सोडतो, 'स्पिन' म्हणताना सोडत नाही, आणि हे त्याचे त्यालाच ठाऊक नसते. डच माणूस दोन्हीकडे श्वास राखून असतो. पट्टी ताटावर बसलेल्या प्रत्येकापुढे फिरत असल्याने या काळात आमटी गार होते. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा, यांतले दोन 'ज' निराळे असून मराठी लिपी एकाच अक्षरावर भागवते, हा शोध नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितला जातो.

वाक्यरचनेच्या भागात घरातला एक जुना तंटा मिटतो. इथे वाढलेली नात "बाबा पोळी खाल्ला" म्हणते. आजवर तिला "असं म्हणत नाहीत" एवढेच उत्तर मिळे. आता कारण मिळते: भूतकाळात 'खाणे'सारखे क्रियापद खाणाऱ्याचे न ऐकता खाल्लेल्या वस्तूचे ऐकते, म्हणून बाबांनी पोळी खाल्ली, पण आंबा खाल्ला. त्यावर नातीने "का?" विचारले. हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

सर्वांत अवघड स्वाध्याय बोलीच्या ध्वनिमुद्रणाचा. त्यासाठी पाटणच्या निवेदिका, म्हणजे हे पत्र वाचणाऱ्या आईच, निवडल्या गेल्या. फोनवर रेकॉर्डिंग सुरू झाल्याचे कळताच त्या आकाशवाणीच्या बातम्या देऊ लागल्या. विल्यम लबॉव्ह या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने याला निरीक्षकाचा विरोधाभास म्हटले आहे: माणूस सहज कसा बोलतो ते टिपायचे, पण टिपणारा आला की सहजपणा पळतो. लबॉव्हचाच उपाय असा की, जिवावर बेतलेला प्रसंग विचारावा. सूनबाईने 11 डिसेंबर 1967 ची पहाट विचारली, कोयनेच्या भूकंपाची. निवेदिका तेव्हा परकरी वयाच्या होत्या. दोन वाक्यांत आकाशवाणी बंद पडली आणि "आमी समदी भाईर पळालो, म्हस दावं तोडून गेली" असे सोने हाती लागले. बाबांचे मागून आलेले "म्हस न्हवं, गाय व्हती" हेही नमुन्यात धरले आहे. त्यानंतरचा वाद वगळला आहे.

अशा अभ्यासक्रमांत शिकणे पुष्कळदा फुकट असते, प्रमाणपत्राला पैसे पडतात, आणि नाव नोंदवणारे बहुतेक जण मध्येच गळतात. सूनबाई गळलेली नाही. पैसे आधीच भरून झाले आहेत.

स्वाध्याय सहाध्यायीच तपासतात. ब्राझीलच्या एका तपासनिसाने पूर्ण गुण देऊन म्हैस पुढे सापडली का, अशी विचारणा केली आहे. तेवढे उलट टपाली कळवावे.