बोल कुणाला लावायचा?

कॉम्प्युटर तयार घ्यावा की सुटे भाग आणून जोडावा, हा वाद पैशांचा आहे असं मानणारी माणसं भाबडी असतात. जोडण्यात वाचलेले पैसे ‘आता वाचलेच आहेत तर’ या मंत्रानं ग्राफिक्स कार्डात कसे जिरतात, हे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराला पुरतं ठाऊक असतं. तो आपल्याला ‘शेठ’ म्हणतो ते उगाच नाही. साडेचारशे वॅटचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, आणायला गेलेला गृहस्थ साडेसहाशेचा घेऊन येतो आणि घरी सांगतो, “पुढे उपयोगी पडेल.”

खरा प्रश्न निराळाच आहे. बिघडल्यावर बोल कुणाला लावायचा?

ब्रँडेड कॉम्प्युटरबरोबर एक टोल-फ्री नंबर येतो. तो लावला की आधी बराच वेळ बासरी ऐकू येते. मग एक मुलगी गोड आवाजात विचारते, “सर, मशीन रीस्टार्ट करून पाहिलंत का?” आपण तिच्यावर यथेच्छ डाफरतो. फोन ठेवल्यावर बिघाड जिथल्या तिथे असतो, पण आता तो कंपनीचा झालेला असतो. मन कसं हलकं होतं!

असेंबल्डमध्ये हे सुख नाही. प्रोसेसर एकाचा, मदरबोर्ड दुसऱ्याचा, रॅम तिसऱ्याची. पावत्या वेगळ्या, वॉरंट्या वेगळ्या. स्क्रीन काळी पडली की रॅमवाला म्हणतो बोर्ड तपासा, बोर्डवाला म्हणतो पॉवर नीट येत नाही, एसएमपीएसवाला म्हणतो घरचं अर्थिंग बघा. सार्वजनिक मंडळाच्या हिशेबासारखं, प्रत्येकाचं बोट पलीकडच्याकडे. शेवटी वायरमनला बोलवावं, तर तो भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडून पहिलं वाक्य टाकतो, “हे कुणी केलंय?”

तरी माणसं जोडतात. ही खोड जुनी आहे. जानेवारी 1975 च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर 8800 झळकला. 397 डॉलरला सुटे भाग घ्यायचे आणि घरी सोल्डरिंग करत बसायचं. एवढं करून मिळायचं काय? कीबोर्ड नाही, स्क्रीन नाही, समोर नुसते खटके आणि लुकलुकणारे दिवे. मेमरी 256 बाइट. आजच्या पद्धतीनं देवनागरी लिहिलं, तर आमच्या हिची वाण्याची यादी तूरडाळ ओलांडून पुढे जाणार नाही. तरी हजारोंनी तो मागवला.

आणि ब्रँडेडचा टेंभा मिरवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की, 1981 साली आयबीएमनं पीसी काढला तो बाहेरून भाग आणूनच. प्रोसेसर इंटेलचा, डॉस मायक्रोसॉफ्टची. थोडक्यात, तयार मिळतो तोही असेंबल्डच, फक्त स्क्रू दुसऱ्यानं पिळलेले असतात. पुढे 1995 मध्ये इंटेलनं एटीएक्सची मापं ठरवून दिली, म्हणून एका कंपनीच्या बोर्डाची भोकं दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटशी जुळतात. व्याह्यांच्या बाबतीत अशी सोय अजून झालेली नाही.

जोडणाऱ्याचे खरे हाल सुरू होतात ते कॉम्प्युटर चालू झाल्यावर. नात्यात बातमी पसरते. मावशीचा प्रिंटर, साडूंचं वायफाय, वरच्या मजल्यावरच्या आजोबांचा रिमोट, सगळं आपल्या दारात. “कॉम्प्युटर जोडतोस ना? मग जरा मिक्सर बघ.” घरात तर ‘ह्यांनी स्वतः जोडलाय’ हे एकच वाक्य दोन सुरांत म्हटलं जातं. पाहुण्यांपुढे कौतुकाच्या, आणि वीजबिल भरताना मशीन अडकलं की दुसऱ्या. त्या दुसऱ्या सुरासाठी टोल-फ्री नंबर नसतो. तो नंबर आपणच असतो, आणि आपल्याला बासरीही लावता येत नाही.

म्हणून कुणी सल्ला मागायला आला की मी त्याला बजेट विचारत नाही. विचारतो, “घरात तुमचं ऐकतात का?” ऐकत असतील तर खुशाल जोडा. नसतील तर ब्रँडेड घ्या, निदान घरच्यांना ओरडायला तिसरं कुणीतरी मिळेल.

आतापर्यंत सगळ्यांनी ब्रँडेडच घेतलाय.