एकभिंगव्रत

एकपत्नीव्रताचे माहात्म्य वर्णन करताना आपल्या पूर्वसूरींनी शाईची काटकसर केली नाही. परंतु प्रवासास निघताना कॅमेऱ्यास एकच भिंग लावावे, घरी परतेपर्यंत तेच ठेवावे आणि वाटेत दुसऱ्याच्या भिंगाकडे अभिलाषेने पाहू नये, हे जे त्याहूनही खडतर व्रत, त्याची पोथी अद्याप कोणी रचल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आमच्या घरी या व्रताचा संकल्प सुटला तोही श्रद्धेपोटी नव्हे, तर जागेच्या टंचाईपोटी. वेरूळ-अजिंठ्यास जाण्याचे ठरले तेव्हा सौ.ने असे फर्मान काढले की, गाडी लहान, आत्याबाई दोन आसनांच्या वंशपरंपरागत हक्कदार, खाण्याचे डबे व अंथरुणे हा ऐवज वेगळाच. सबब कॅमेरा बाळगणाऱ्या प्रत्येक इसमास एकच भिंग नेण्याची परवानगी मिळेल, आणि त्याच्या पिशवीत जी जागा शिल्लक राहील तीवर आवळासुपारीच्या बरणीचा ताबा राहील.

या हुकमाविरुद्ध आमच्या मेहुण्यांनी त्याच रात्री अपील दाखल केले. मेहुणे हे छायाचित्रणातील जाणकार समजले जातात. निदान त्यांच्या कपाटाचा एक खण तशी ग्वाही देतो. प्रथम त्यांनी सत्तर ते दोनशे मिलिमीटरचे, एफ २.८ मोजमापाचे भिंग पुराव्यादाखल हजर केले. आत्याबाईंनी ते उचलून स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवले, तेव्हा ते दीड किलोच्या आसपास भरले. मग त्यांनी बेसनाच्या लाडवांचा भरलेला डबा ठेवला, तो त्याहून हलका निघाला. आणि "लाडू निदान परत येताना कमी तरी झालेले असतात," एवढ्या एका वाक्यात त्यांनी अपिलाचा निकाल लावला. चोवीस ते सत्तरचे नऊशे ग्रॅमी भिंगही त्याच काट्यावर बाद झाले. अखेर रदबदली होऊन मेहुण्यांच्या पदरी जे पडले ते अठरा ते दोनशेचे, म्हणजे आजच्या प्रवाशांचे आवडते, साडेपाचशे ग्रॅमच्या घरातले सर्वसंग्राहक भिंग. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर हे आकडे दीडने गुणले की जुन्या फिल्मच्या हिशेबाने ते सत्तावीस ते तीनशे होते. एका नळीत अख्खे देऊळही मावते आणि त्याच्या शिखरावर बसलेला पोपटही. लग्नघरात पाणी भरण्यापासून मंगलाष्टके म्हणण्यापर्यंत सर्वत्र पुढे होणारा एक गृहस्थ असतो, ज्याच्यावाचून कार्य अडते आणि ज्याने केलेले प्रत्येक काम मागाहून कोणीतरी नीट करावे लागते. हे भिंग त्याच्या गोत्रातले.

मी स्वतः पस्तीस मिलिमीटरचे, एफ १.८ चे, जेमतेम दोनशे ग्रॅमचे भिंग निवडले. त्याला झूम नाही. वस्तू मोठी हवी असेल तर आपण चालत तिच्याजवळ जावे, लहान हवी असेल तर उलटपावली मागे यावे, एवढीच त्याची कार्यपद्धती. मेहुण्यांना ही निवड हट्टाची वाटली. माझ्या मते ती शुद्ध अंकगणिताची होती. भिंगाचे छिद्र जितके रुंद तितका प्रकाश अधिक, आणि तो अधिकपणा वर्गाच्या पटीत वाढतो. त्यामुळे मेहुण्यांचे भिंग पस्तीसवर आणून ठेवले तरी माझ्या भिंगातून सुमारे पाचपट प्रकाश आत येतो, आणि दोनशेच्या टोकास त्यांचे छिद्र ५.६ वर आकसले की हा फरक जवळजवळ दहापटीवर जातो. म्हणजे ज्या काळोखात माझा पडदा एक पन्नासांश सेकंदात उघडून मिटेल, तेथे त्यांचा एक दशांश सेकंद किंवा त्याहूनही अधिक काळ उघडा राहणार. आणि तेवढ्या अवधीत आत्याबाई एकाच मुद्रेत राहिल्याची नोंद आमच्या कुटुंबाच्या इतिहासात कोठेही नाही.

मेहुण्यांवर परिणाम व्हावा म्हणून मी थोडा इतिहासही सांगितला. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला तो पन्नास मिलिमीटरचे एकच, न बदलता येणारे भिंग घेऊन; १९४८ साली दिल्लीत गांधीजींची अंत्ययात्रा टिपणाऱ्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातील बहुतेक काम पन्नासच्याच भिंगावर केले; स्थिरचित्रणाच्या छोट्या कॅमेऱ्यासाठी पहिले झूम भिंग निघाले ते १९५९ मध्ये, आणि तेही छत्तीस ते ब्याऐंशी एवढ्याच मर्यादित महत्त्वाकांक्षेचे. हे सर्व मेहुण्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाले, "सगळं खरं, दाजी, पण त्यांच्यापैकी कोणाच्याही बरोबर आत्याबाई नव्हत्या."

या युक्तिवादाचे वजन वेरूळच्या सोळाव्या लेण्यात कळून आले. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळी, आठव्या शतकात, डोंगराच्या माथ्यापासून खाली खोदत आणून अखंड पाषाणातून कोरलेले ते कैलास मंदिर पाहताना मनुष्य मूक होतो, अशी आजवरची समजूत आहे. आत्याबाईंनी मात्र अंगणात पाऊल टाकताच एक स्पष्ट मागणी मांडली. त्यांच्या नव्या इरकलीचे काठ पायघोळ दिसले पाहिजेत, त्यांच्या डोक्यावर शिखर पूर्ण आले पाहिजे आणि शेजारी हत्तीही हवा. मी पस्तीस मिलिमीटरचे नेत्र लावून मागे सरू लागलो. शिखर मावले तेव्हा आत्याबाई गुडघ्यांपाशी संपत होत्या; आत्याबाई पुऱ्या आल्या तेव्हा शिखर गेले; आणखी मागे सरलो तो पाठीला कातळाची भिंत लागली. भोवतालचा डोंगर खोदून काढताना राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी माझ्या भिंगाच्या नाभीय अंतराचा काडीइतकाही विचार केलेला नव्हता.

मेहुणे हसत पुढे झाले, अठरावर आले आणि जागच्या जागी मागणी पुरवली. चित्र कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले तेव्हा त्यात सर्व काही होते: काठ होते, शिखर होते, हत्ती होता; मात्र कॅमेरा वर तिरपा धरल्यामुळे शेजारचा भव्य ध्वजस्तंभ देवळाच्या अंगावर रेलला होता आणि आत्याबाई तळाशी इतक्या सूक्ष्म उमटल्या होत्या की ओळख पटवण्यास दोन साक्षीदार तपासावे लागले. आत्याबाईंनी चित्र डोळ्यांजवळ नेले, दूर नेले आणि "हत्ती छान आलाय," असा शेरा मारून प्रकरण दप्तरी दाखल केले. मी मधल्या वेळात बाहेरच्या पायवाटेने लेण्याच्या वरच्या कडेवर गेलो. तेथून खाली पाहिले की मंडपाच्या छतावरील कमळ आणि त्यावर उभे असलेले चार सिंह थेट समोर येतात, आणि सारे देऊळ पस्तीसच्या चौकटीत विनासायास मावते. त्या चित्रात आत्याबाई नाहीत. ही त्यातील उणीव की त्याचा गुण, यावर आमच्या घरी दोन पक्ष आहेत.

देवगिरीच्या किल्ल्याविषयी थोडक्यात सांगतो. तेथील अंधारी नावाच्या भुयारी वाटेत वटवाघळांचा वास येतो आणि कोणतेच भिंग चालत नाही. चालते ती पुढच्या माणसाच्या सदऱ्याची चिमूट. पण तिथल्या चढणीवर मेहुण्यांच्या भिंगाचा एक स्वभाव उघडकीस आला तो नमूद केला पाहिजे. ते गळ्यात खाली तोंड करून लोंबकळत असे. प्रत्येक पायरीच्या हिसक्यासरशी त्याची आतली नळी स्वतःच्या भाराने बोटभर खाली सरके, आणि अर्धी चढण होईपर्यंत ते अठरावरून दोनशेवर जाऊन मेहुण्यांच्या पोटासमोर पुरते लांबलेले असे. समोरून उतरणाऱ्या मंडळींना ते अकारण आपल्यावर रोखलेले वाटे. मेहुणे ते हाताने आत ढकलीत; पुढच्या वळणावर ते पुन्हा बाहेर. अशा भिंगांना अठरावर जखडून ठेवणारी एक खिटी बहुधा असते. मेहुण्यांच्याही भिंगाला होती, पण तिचा उपयोग करणे त्यांना जाणकाराच्या प्रतिष्ठेस न शोभणारे वाटले.

अजिंठ्यास मात्र माझे दिवस आले. फर्दापूरच्या फाट्यापाशी आपली गाडी सोडून तिथल्या बसने आत जावे लागते, मग पायऱ्या, आणि मग वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर डोंगराच्या पोटात ओळीने बसलेली तीस लेणी. दाराशी पादत्राणे काढून पहिल्या लेण्यात शिरले की डोळ्यांना काही काळ काहीच दिसत नाही. चित्रांचे रंग जपण्यासाठी फ्लॅशला सक्त मनाई आहे, तिकाटणे परवानगीवाचून उभे करता येत नाही, आणि जो मंद दिवा लावलेला आहे तो छायाचित्रकारांच्या सोयीसाठी नव्हे. गर्भगृहाच्या डावीकडे पद्मपाणी उभा आहे: हाती नीलकमळ, मस्तकी रत्नजडित मुकुट, दृष्टी किंचित खाली. मेहुण्यांनी कॅमेरा रोखला. भिंग अंधारात नेम शोधीत आत-बाहेर घरघरू लागले, आणि पहारेकरी संशयाने जवळ येऊन उभा राहिला. अखेर नेम लागला आणि पडदा उघडला तो इतका वेळ उघडा राहिला की माझ्या मनात एक अख्खी आर्या म्हणून झाली असती. चित्र पाहिले तो मौज अशी, की भिंगातील कंपरोधक यंत्रणेने हाताची थरथर बरोबर सावरली होती. पंधराशे वर्षांचा पद्मपाणी बऱ्यापैकी स्पष्ट होता, पण त्याच्यापुढून सरकणारी जिवंत माणसे मात्र धुरकट होऊन एकमेकांत विरघळली होती, आणि त्यांत सौ.ही होती. "अहो, हे भूत कोण?" असे तिने विचारले, तेव्हा मेहुण्यांनी बहिणीस उत्तर दिले नाही. माझ्या चित्रात चित्रातला पद्मपाणीही आहे आणि त्याच्याकडे मान वर करून पाहणारी सौ.ही आहे, आणि तिच्या नथीतला मोतीही ओळखू येतो.

लोक भिंग निवडतात ते वाटेत भेटू शकणाऱ्या सर्वांत दूरच्या वस्तूकडे पाहून. माझे म्हणणे असे की ते वाटेतील सर्वांत काळोख्या जागेकडे आणि बरोबरच्या सर्वांत उतावीळ माणसाकडे पाहून निवडावे. दूरची वस्तू न टिपता परत आलो तर कोणी जाब विचारीत नाही.

या अजिंठ्यात आपली हजेरी सिद्ध करण्याची असोशी आजची नव्हे. १८१९ साली शिकारीच्या निमित्ताने येथे आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यापाशी कॅमेरा नव्हता, म्हणून त्याने दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव तारखेनिशी कोरून ठेवले. त्याच्या मागून, १८४४ मध्ये, मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल याची येथील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. त्याने वर्षानुवर्षे खपून तैलरंगात उतरवलेल्या त्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळून गेल्या. गिलने लेण्यांची छायाचित्रेही घेतली. त्याचा कॅमेरा दोन जुळ्या भिंगांचा होता, म्हणजे काटेकोर पाहू गेल्यास एकभिंगव्रत त्यानेही पाळले नाही. परंतु दोन्ही भिंगे एकाच मापाची आणि दोन्ही एकाच वेळी कामावर असल्यामुळे त्याला या कलमातून सूट देण्यास माझी हरकत नाही.

लेण्यांसमोरच्या डोंगरावर चढून गेल्यावर मात्र मेहुण्यांचा विजय झाला, हे लिहिणे न्यायाचे आहे. तेथून त्यांनी दोनशेवर एकेका लेण्याचे दार आणि त्यातून बाहेर पडणारी माणसे वेगवेगळी टिपली. माझ्या चौकटीत डोंगर आला, भरपूर डोंगर आला. तोवर धाकट्या भाच्याने खिशातला मोबाइल काढून त्याच दृश्याचे चित्र घेतले आणि आम्ही दोघे पायऱ्या उतरण्यापूर्वी ते नातेवाइकांत वाटूनही टाकले.

वाचकांपैकी कोणी ताडोबास वाघ पाहण्यास किंवा भिगवणला पक्षी पाहण्यास निघाले असतील, तर त्यांनी लांब पल्ल्याचेच भिंग न्यावे. तेथे पस्तीस घेऊन वाघाच्या दिशेने चालत जाणे मी सुचवणार नाही. लेण्यांसाठी पस्तीस, एफ १.८, मोठ्या संवेदकाचा कॅमेरा असल्यास पन्नास. खिटी असलेल्यांनी खिटी लावावी. आणि कोणतेही भिंग घेतले तरी निघण्यापूर्वी वार पाहून घ्यावा: अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी.