भर उन्हात भूत कसे वाचावे

गूढ, अघोरी आणि मधूनच हसू आणणारी कादंबरी वाचायला धुकं लागतं, पाऊस लागतो, पडका वाडा लागतो, हा समज पुण्या-कोकणाकडच्या मंडळींनी पसरवला आहे. ‘तुंबाड’ या २०१८ च्या चित्रपटात तर पाऊस थांबायचं नावच घेत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या वाचकाने यामुळे खचू नये. मे महिन्यात दुपारी दोन वाजता वर्ध्याच्या बजाज चौकात जी सामसूम असते, तिच्यापुढे भयकथाकार नारायण धारपांचं एखादं स्मशानसुद्धा गजबजलेलं वाटेल. तेव्हा पहिला नियम, भूत दुपारी वाचावं. रात्री अंगण शिंपून, बाजा टाकून सगळं घर बाहेर येतं. तिथे घाबरायला एकांत कुठला?

वाचण्यापूर्वी नैतिक अडचण सोडवून घ्यावी. सेवाग्राम आठ किलोमीटरवर आहे आणि आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्वादही आहे, अभयही आहे. म्हणजे चवीने घाबरणं हा दुहेरी व्रतभंग. पण त्याच आश्रमात साप धरायचा चिमटा आणि पिंजरा जपून ठेवलेला आहे. साप मारायचा नाही, धरायचा आणि लांब नेऊन सोडायचा. कादंबरीतल्या पिशाच्चाशी हेच धोरण ठेवावं. धारपांचे समर्थ येऊन त्याचा बंदोबस्त करतीलच, आपण घाई करू नये. ऐन रंगात आलं की पान मुडपावं, माठातलं पाणी पिऊन यावं, मग पुन्हा धरावं.

मुखपृष्ठाचा बंदोबस्त मात्र आधी करावा. कवटी, मेणबत्ती आणि किंचाळणारी बाई एवढं दिसलं की शेजारच्या काकू २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा काढतात. तो कायदा मांत्रिकाला लागू होतो, वाचकाला नाही, हे समजावण्यात दुपार जाते. काही जण ‘गीताई’च्या आड कादंबरी धरतात. तो प्रयोग फसतो. गीताई खिशात मावते, कादंबरी चारशे पानांची असते. वर्तमानपत्राचं कव्हर बरं.

जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्यामुळे धीर यावा म्हणून पात्रं जे पितात, त्यात त्यांना साथ देता येत नाही (कागदोपत्री तरी). त्याऐवजी वर्ध्याचं गोरसपाक बिस्किट घ्यावं. भुसभुशीत असल्याने त्याचा चुरा पानापानात सांडतो, आणि पुढच्या वाचकाला आपण नेमके कुठे दचकलो ते कळतं.

आता खरा प्रश्न. हसायचं कधी? नवख्याला वाटतं, भीतीचा भाग वेगळा, गमतीचा वेगळा. पण ज्या रत्नाकर मतकरींनी ‘खेकडा’सारखी झोप उडवणारी गूढकथा लिहिली, त्यांनीच ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण पोरांना दिली. भट्टी एकच. तरीही ज्याला खात्री पटत नाही, त्याने पुस्तक मिटून जिल्ह्यात फिरून यावं.

नागपूरच्या वाटेवर केळझर लागतं. हीच महाभारतातली एकचक्रा नगरी, असं इथले लोक मानतात. रोज गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस, असा बकासुराचा रतीब. घराघरांत पाळी लावलेली, रडारड चाललेली; आणि भीम तिथे जाऊन काय करतो? राक्षसाचाच डबा उघडून जेवायला बसतो. मागून पाठीत गुद्दे बसताहेत, हा घास संपवतोय. इतकी काळी गंमत एका प्रसंगात बसवणं आजच्या लेखकांपैकी फार थोड्यांना जमेल.

मग समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला जावं. शेख फरीद बाबांच्या टेकडीवर गोल-गोल दगड विखुरलेले दिसतात. भूगर्भशास्त्र त्यांना झिओलाइट म्हणतं. आख्यायिका म्हणते, दोन व्यापाऱ्यांनी बाबांची टवाळी केली, आणि त्यांच्या मालाचे, नारळांसकट, दगड झाले. गयावया केल्यावर बाबांनी वाळक्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला. शिक्षा झाली, नुकसानभरपाई मिळाली, आणि जुना माल मात्र तसाच टेकडीवर! मला यातली सगळ्यात भयंकर गोष्ट दगड वाटत नाही. पाल्यापासून झालेला तो माल त्यांनी पुढच्या बाजारात कुणाला विकला असेल, हे वाटतं.

हा प्रश्न ज्याला पडला, तो आता कादंबरीला तयार झाला. चेहरा गंभीर ठेवावा. मुडदा उठून बसला की लगेच हसू नये. तो उठून पहिलं काय मागतो ते पाहावं. मधेच आतून आवाज येतो, “अरे पोट्ट्या, वाचून राह्यला का झोपून राह्यला? कूलरात पाणी संपलं ना बाप्पा!” हा व्यत्यय समजू नये. चांगला लेखक असा क्षण घडवायला शब्द खर्चतो, आपल्या घरी तो फुकट मिळतो.

वाचनालयाची प्रत असेल तर शेवटची दोन पानं बहुधा नसतात. त्यासाठी ग्रंथपालांशी भांडू नये. आधी पुस्तक नेलेल्या वाचकाला गाठावं. हे बहुधा निवृत्त गुरुजी असतात. शेवट ते आनंदाने सांगतात, पण सुरुवात आर्वीला झालेल्या पहिल्या बदलीपासून करतात. भूत येतं, पण पेन्शन मंजूर झाल्यावर.