माणशी पाणी

महाराष्ट्रात दुष्काळ आला की पाऊस मोजतात, धरणातला साठा मोजतात, टँकर मोजतात. जमिनीखालून कोणी किती पाणी उपसलं, हे मात्र कोणी मोजत नाही. ज्याचा हिशेबच नाही त्याची वाटणी होत नाही, आणि वाटणी नसली की ज्याची बोअर खोल त्याचं पाणी. शाश्वत विकासावर भाषण करणाऱ्या प्रत्येकाला म्हणूनच एक प्रश्न विचारावा: गावातलं पाणी कोणाचं? त्याला उत्तर देता आलं नाही, तर त्याच्या भाषणात ऐकण्यासारखं काही नाही.

केंद्र सरकारच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने आपल्या अहवालात नोंदवलेली गोष्ट पाहा. महाराष्ट्रातल्या एकूण पिकाखालच्या क्षेत्रापैकी जेमतेम 4 टक्क्यांवर ऊस आहे आणि सिंचनाचं जवळपास 70 टक्के पाणी तो घेतो. ही नोंद सरकारी आहे, एखाद्या मोर्चातली घोषणा नव्हे. तरीही मराठवाड्यासारख्या तुटीच्या प्रदेशात कारखान्यांना परवाने मिळत राहिले. परवाने देणारे आणि कारखाने चालवणारे पुष्कळदा एकाच पक्षाचे, एकाच घरचे होते. पाण्याचं राजकारण म्हणतात ते हेच.

यात उसवाल्या शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवू नका. तो हिशेबाने चालतो. उसाचा रास्त व किफायतशीर दर कायद्याने ठरतो. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाला तर 15 टक्के व्याज द्यावं, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तोडणीची टोळी कारखाना पाठवतो. पैसे थकतात, त्यासाठी आंदोलनं करावी लागतात, पण भांडायला निदान कायदा हातात असतो. तुरीचं, ज्वारीचं, हरभऱ्याचं काय? हमीभाव दरवर्षी जाहीर होतो आणि बाजार समितीत त्याच्याखाली लिलाव चालतो. खरेदी केंद्र उशिरा उघडतं, लवकर बंद होतं. कमी पाण्याचं पीक घेणाऱ्याला आपण बेभरवशाचा बाजार दिला, जास्त पाण्याचं पीक घेणाऱ्याला कायद्याची हमी दिली. मग शेतकऱ्याने पाणी वाचवावं म्हणून कीर्तनं कोणासाठी करायची?

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभर बातमी झाली, श्रेयाचे फलक लागले. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं का पडलं, त्याच्या पाणलोटात आणि लाभक्षेत्रात आधीच्या वर्षांत पाणी कशावर खर्च झालं, याचा जाब कोणाला द्यावा लागला नाही. गाडी थांबली, चर्चाही थांबली.

त्याआधी, 2014 च्या डिसेंबरात, राज्य सरकारचं जलयुक्त शिवार अभियान आलं होतं. 2019 पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करायचा होता. नाले खोल झाले, बंधारे झाले, गावागावांतून लोकांनी घामही गाळला. सुमारे 9,600 कोटी रुपये खर्च झाले. 2020 मध्ये महालेखापरीक्षकांनी अहवाल दिला, की भूजल पातळी वाढवण्यात योजनेला फारसं यश आलं नाही. त्यानंतर राजकीय धुळवड झाली, चौकशीची भाषा झाली. मुद्दा मात्र सगळ्यांनी टाळला. पाणी जिरवायला सरकारने पैसा दिला, उपशाला लगाम घालायला कोणी धजलं नाही. जेवढं जिरलं त्याहून जास्त उपसलं, तर शिवार जलयुक्त होणार कसं?

2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. योजनेच्या लाभार्थ्यांची संख्या 44 लाख सांगितली जाते. शेतकऱ्याला मदत हवीच, त्यात दुमत नाही. पण मदत पंपाला जोडली की काय होतं ते पाहा. ज्याच्याकडे मोटर आहे त्याला लाभ, ज्याच्याकडे दोन आहेत त्याला जास्त, आणि ज्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे विहीरच नाही त्याला काहीच नाही. सौर पंपाचंही तसंच. तो धूर सोडत नाही हे खरं. पण सूर्य फुकट, मोटर जवळपास फुकट आणि वर कसलाच हिशेब नाही, म्हणजे खालचं पाणी दिवसभर उपसायला मोकळीक.

इथेनॉलला हिरवं इंधन म्हणतात. 2023 साली पाऊस कमी झाला, उसाचं उत्पादन घटण्याची चिन्हं दिसली, आणि डिसेंबरात केंद्राला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावे लागले. जे इंधन पावसाने पाठ फिरवताच अडचणीत येतं, त्याच्या जोरावर तुटीच्या खोऱ्यात ऊस वाढवायला सांगणं हे धोरण चुकीचं आहे. गाडीच्या टाकीतलं इंधन स्वच्छ झालं आणि विहिरीचा तळ दिसला, तर त्यात शाश्वत काय?

यावर मार्ग नाहीत असं नाही. ते याच मातीत सापडलेले आहेत.

1972 च्या दुष्काळात पुण्यातले अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरले आणि नायगावला देवस्थानची ओसाड माळजमीन कसायला घेऊन त्यांनी पाणलोटाचं काम सुरू केलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम पाहा. पाणी माणशी मिळेल: दरडोई अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. जमीन पन्नास एकर असली तरी तेवढंच. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, त्यामुळे जमीन विकली तरी हक्क विकता येणार नाही. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी स्वतः भरायचा. हे नियम पाळून पुरंदरच्या माळावर उपसा योजना चालल्या. दुष्काळी माणसाला वाटून घेता येत नाही, हा साहेबी समज तिथे खोटा ठरला.

सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी 1980 च्या दशकात बळीराजा धरण बांधलं. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि विहिरी आटत होत्या. मुक्ती संघर्ष चळवळीने आणि भारत पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांनी मागणी केली: वाळूचा बेसुमार उपसा थांबवा, थोडी मर्यादित वाळू आम्हाला विकू द्या, त्या पैशातून आम्ही धरण बांधतो. सरकारशी झगडून त्यांनी ते मिळवलं. धरणाचं पाणी दोन्ही गावांतल्या प्रत्येक कुटुंबाला सारखं, जमीन असो वा नसो. नदी गावाची, वाळू गावाची, म्हणून धरणही गावाचं. शाश्वत समाजाची अर्थव्यवस्था कशी असावी यावर ग्रंथ लिहिले जातात. येरळेकाठच्या शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी ती बांधून दाखवली.

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला लोक सहली काढून जातात, बंधाऱ्यापुढे छायाचित्र काढतात आणि परततात. पाहायला हवी ती तिथली ग्रामसभा. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावाने शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं, ऊस आणि केळी बंद केली. दरवर्षी पडलेल्या पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पिण्याचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला, मग उरेल त्यावर पिकं. पाऊस कमी तर पिकं कमी, आणि हे सगळ्यांना लागू. बंधारा कुठलंही गाव बांधू शकतं. गावातल्या दांडग्याला ‘यंदा नाही’ असं सांगणारी ग्रामसभा उभी करणं हे खरं काम.

‘ही छोटी गावं आहेत, राज्य असं चालत नाही,’ असं मंत्रालयात सांगतात. राज्याचा कायदा त्यांनीच पुन्हा वाचावा. 2009 चा महाराष्ट्र भूजल अधिनियम 2014 मध्ये अमलात आला. अधिसूचित क्षेत्रात शेती-उद्योगासाठी 60 मीटरहून खोल विहिरीला मनाई, भूजल वापराची योजना, तिच्यावर आधारलेली पीक योजना, पाणलोट क्षेत्रासाठी समिती, हे सगळं त्यात आहे. नियमांचा मसुदाच मुळी 2018 साली आला. बोअरची गाडी मात्र रात्री फोन केला की सकाळी बांधावर हजर असते, आणि 800 फुटांखाली जाताना तिला कोणी अडवत नाही. कायद्याची उणीव नाही, तो वापरण्याची हिंमत नाही.

राज्य पातळीवर काही होत नाही म्हणणाऱ्यांना रोजगार हमीचीही आठवण करून द्यावी. 1972 च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ही योजना महाराष्ट्राने कायद्यात उतरवली. मागेल त्याला काम द्यायचं आणि पैसा उभारायला शहरातल्या पगारदारांवर, व्यावसायिकांवर व्यवसाय कर लावायचा, असं ठरलं. 1975 चा तो व्यवसाय कराचा कायदा आजही आहे, पगारपत्रकातली कपात त्याचीच. शहर खेड्याचं देणं लागतं, हे या राज्याने कायद्याने मान्य केलं होतं. ज्या विधिमंडळाला तेव्हा ते जमलं, त्याला पाण्याची वाटणी न जमण्याचं कारण नाही.

मागण्या तीनच आहेत. पहिली: भूजल कायदा कागदावरून शिवारात आणा आणि पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता माणशी ठरवा, भूमिहीनासह. दुसरी: तूर, ज्वारी, हरभरा, करडई यांना उसासारखीच कायद्याची हमी द्या, दरासह आणि मुदतीसह. तिसरी: वीज आणि पंपाच्या अनुदानातला पैसा कुटुंबाला द्या, म्हणजे पाणी वाचवणाऱ्याच्याही हाती काही पडेल. तिन्हींना नवं तंत्रज्ञान लागत नाही. तिन्हींनी सत्तेतल्या बड्यांचं थोडं पाणी कमी होईल, म्हणून त्या अडल्या आहेत.

त्या वरून आपोआप सुटणार नाहीत. 2 ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरते. पाऊस सरत आलेला असतो, रब्बीची पेरणी तोंडावर असते. यंदा त्या सभेला जा. पाण्याचा ताळेबंद विषयपत्रिकेवर घ्या, म्हणून आधी लेखी अर्ज द्या. पाऊस किती पडला, बोअर किती आहेत, ऊस किती एकर आहे, हे भर सभेत वाचायला लावा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. शहरात राहत असाल तर गावच्या घरी फोन करून सभेला जायला सांगा. मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या नोंदीचा कागद दाखवा आणि विचारा: यातलं माझं पाणी किती?